दुखरा हात आधी

सोमवार, ३ फेब्रुवारी

औषध कंपनीवाल्याने दिलेली ही डायरी महिनाभर कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि आमचे हे ऐकतात कमी अन् मान जास्त डोलवतात. शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मान डोलवायची सवय गेलेली नाही.

तर झालं असं. भोरच्या आमच्या नीरामाई रुग्णालयात नवजात बाळांचा सहा पाळण्यांचा कक्ष आहे आणि गेली अकरा वर्षं तिथली इन्चार्ज सिस्टर मी आहे. आज डॉ. मिताली पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि आल्या आल्या प्रत्येक पाळण्याला एकेक छापील तक्ता अडकवला. बाळाला किती दुखतंय ते मोजायचं म्हणे! चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय, जाग अशा सहा गोष्टी. रडण्याला दोन गुण, बाकीच्यांना एकेक. सगळं शांत असेल तर शून्य, सगळंच बिघडलं असेल तर सात. चार किंवा वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं.

मी म्हटलं, "डॉक्टर, बाळ काय आपल्याला सांगणार आहे का किती दुखतंय ते?"

त्या म्हणाल्या, "मालिनी सिस्टर, ते सांगू शकत नाही म्हणूनच आपण मोजायचं."

उत्तर चांगलं होतं, हे कबूल. पण एकतीस वर्षं मी बाळं हाताळतेय. मी नोकरीला लागले तेव्हा भलेभले डॉक्टर सांगायचे की एवढ्याशा जिवाला फारसं दुखत नाही. मी तेव्हाही ते मानलं नव्हतं. टाचेतून रक्त घ्यायचं असलं की आधी टाच कोमट फडक्याने शेकायची, बाळाला दुपट्यात हातपाय आत घेऊन गच्च गुंडाळायचं, जिभेवर आईच्या दुधाचा थेंब द्यायचा आणि टाचेच्या कडेला सुई लावायची. माझं गुंडाळणं इतकं नेटकं असतं की वॉर्डातल्या पोरी त्याला विडा म्हणतात. मालिनी सिस्टरांचा विडा. त्या विड्यातलं बाळ रडत नाही, हे भोरात कुणालाही विचारा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

बुधवार, ५ फेब्रुवारी

ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरात हात घातलाय. डाळींचे डबे वरच्या फळीवरून काढून खालच्या फळीवर मांडले, आणि खालचे पाहुण्यांचे पेले वर. का, तर म्हणे, "वरची फळी हलतेय." कुठं हलतेय? मी हलवून बघणार होते, पण हात तिथवर गेला नाही. तीस वर्षांची मांडणी होती माझी. डोळे झाकून हळद सापडायची.

त्यात आमचा शिंपी. ब्लाउजच्या बाह्या दिवसेंदिवस घट्ट शिवतोय. डावी बाही आधी चढवली तरच ब्लाउज अंगात जातो, आणि उतरवताना डावी शेवटी. रविवारचा बाजार झाला की जाऊन सुनावणार आहे त्याला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तक्त्यांचा पहिला आठवडा झाला. माझ्या पाळीतले सगळे आकडे शून्य, क्वचित एक. शिवानीच्या पाळीत दोन, तीन, पुन्हा दोन.

शिवानी वेल्ह्याची. नर्सिंग करून दीड वर्ष झालं, भोरला खोली घेऊन राहते, स्कूटीवर येते. पोर कष्टाळू आहे, पण हात गार. शिवाय दर वेळी विडा सोडून बघते. मी म्हटलं, "कशाला सोडतेस गं?" तर म्हणाली, "मॅडम, तक्त्यात हात आणि पाय वेगळे लिहिलेत ना. गुंडाळल्यावर दिसणार कसे?"

मी म्हटलं, "झोपलेल्या माणसाचं पांघरूण ओढायचं आणि विचारायचं, काय हो, झोप लागली का? तसलं आहे तुझं. तू सोडतेस म्हणून ते रडतं, आणि रडलं की तू गुण देतेस."

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण विडा सोडून बघायचं काही थांबवलं नाही. वेल्ह्याची माणसं बोलायला मऊ आणि वागायला कातळ, असं माझी सासू म्हणायची.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल दुपारी एक मुलगा जन्मला, चार किलो दोनशे ग्रॅम! आई रत्ना, पानशेतला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, भोंगवलीला आली होती. तिला नवव्या महिन्यात साखर होती, म्हणून बाळ असं गुटगुटीत. डोकं आलं आणि खांदा अडकला. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांची आणि आमच्या सिस्टरांची दोन मिनिटं घाम फोडणारी गेली. मग आलं, लगेच रडलं, गुलाबी झालं. अशा बाळाची साखर एकदम उतरते, म्हणून ते आमच्या कक्षात आणि दर काही तासांनी टाचेला सुई.

बाळाची आजी भिमाबाई मात्र मोठी असामी आहे. पासष्टीची असेल. भोंगवली आणि आजूबाजूच्या वाड्यांवर बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम चाळीस वर्षं करते. आल्या आल्या माझे हात बघितले आणि म्हणाली, "हात बरं हाईत तुमचं." जसं काही मला नोकरीवर ठेवून घेणार आहे.

मी तिच्यासमोर टाचेतून रक्त घेतलं. विडा केलेला, दुधाचा थेंब दिलेला. बाळाने हूं का चूं केलं नाही. मी मोठ्या ऐटीत तक्त्यावर शून्य मांडलं.

आजी म्हणाली, "बाई, पोर कन्हतंय."

"रडलं कुठं आजी?"

"रडत न्हाई. कन्हतंय. रडनं येगळं, कन्हनं येगळं."

आता हिला काय सांगायचं? नवजात बाळं श्वास घेताना शंभर आवाज काढतात. मी छाती बघितली, श्वास मोजले, ठीक होते. तसं सांगितलं.  आजीने बाळाचं ओलं झबलं बदलायला घेतलं. काढताना डावी बाही आधी, घालताना उजवी आधी, इतकं हळू की मला वाटलं दुपारचा चहा होईल तोवर. एवढी नावाजलेली बाई आणि झबलं घालायला पाच मिनिटं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जरा वाजलं. सकाळी पाळीवर आले तर रत्नाच्या बाळाच्या तक्त्यावर शिवानीच्या अक्षरात चार! म्हणजे डॉक्टरांना फोन करायची वेळ.

मी म्हटलं, "फोन केलास?"

"तुम्ही येतच आहात म्हणून थांबले. मॅडम, उचललं की कळवळतंय. उजवा हात पण कमी हलवतोय असं वाटलं."

"वाटलं म्हणजे?"

 मी बाळ घेतलं, छान विडा केला, दोन मिनिटं मांडीवर ठेवलं. डोळे मिटले, कपाळ सैल पडलं, श्वास संथ झाला. मग तिला म्हटलं, दे आता गुण. चेहरा शून्य, रडणं शून्य, श्वास शून्य. हात आणि पाय आतच होते, शांत. एकूण शून्य. शिवानीने चारवर रेघ मारायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं, म्हणून मीच रेघ मारली, वर शून्य लिहिलं आणि सही केली. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच मनात आलं, पण बोलले नाही. शिकणाऱ्याला फार टाकून बोलू नये.

बाळ उचलताना मात्र माझीच जरा पंचाईत होते हल्ली. डावा हात वर न्यायचा कंटाळा येतो, म्हणून मी उजव्या हातावर बाळाचं बूड आणि मान दोन्ही पेलते, खालून, परात उचलावी तशी. पोरी काखेत हात घालून उचलतात. माझी पद्धत बघा, बाळाला कळतसुद्धा नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाळाची साखर आता स्थिर आहे. उद्या घरी सोडायचं. उद्या पाचवी आहे, सटवाई पुजायची म्हणून घरच्यांनाही घाई.

रत्नाची तक्रार अशी की बाळ उजवीकडे छान पितं आणि डावीकडे घेतलं की कण्हतं. मी म्हटलं, बाळांना एका बाजूची सवय लागते, आळशी असतात. भिमाबाई तिथेच बसली होती. म्हणाली, "डाव्या अंगाला घेतलं की त्ये उजव्या कुशीवर येतंय. उजवा हात त्याचा काय खरा न्हाई बाई. ढिला पडतोय."

मी दुपट्याच्या वरूनच हात चाचपला. बोट दिलं तर मुठीत घट्ट धरलं. मूठ एवढी पक्की असताना हाताला काय होणार? मी म्हटलं, "आजी, बाळ मोठं आहे, अवघडून आलंय. अंग आखडलंय त्याचं. तुम्ही एवढ्या न्हाऊ घालणाऱ्या, तुम्हाला मी काय सांगायचं? घरी नेलं की कोमट तेलाने चांगलं चोळा. हातांच्या घड्या घाला. सुटेल चार दिवसांत."

घड्या म्हणजे बाळाचे दोन्ही हात छातीवरून एकमेकांच्या पलीकडे नेऊन ताणायचे. इकडे प्रत्येक बाळाला घालतात.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुमी म्हनता तर घालती."

मला बरं वाटलं. अशा जुन्या बायकांना आपल्या बाजूला वळवून घेता आलं पाहिजे, भांडून काही होत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रत्नाचं बाळ गेलं घरी. डॉ. मितालींनी जाण्यापूर्वी तपासलं. बाकी पाच पाळणे भरलेले, त्यात एक कमी दिवसांचं बाळ सकाळपासून श्वास विसरत होतं, त्यामुळे त्या घाईत होत्या. हृदय, कंबर, डोळे बघितले, तक्ता चाळला. "छान, सगळी शून्यं. अजून काही सांगायचंय कुणाला?"

शिवानीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. हळूहळू शहाणपण येतंय पोरीला.

जावई गोरख पानशेतहून टेम्पो घेऊन आला होता. धरणाजवळ त्याचं भजी-पिठल्याचं हॉटेल आहे. सगळ्यांना पेढे दिले. भिमाबाईने निघताना बाळाला नवं झबलं घातलं, तसंच हळूहळू, उजवा हात आधी. मी चेष्टेने म्हटलं, "आजी, पाचवी उलटून जाईल." ती हसली नाही.

संध्याकाळी शिंप्याकडे गेले. त्याने माझ्यासमोर टेप लावला. दोन्ही बाह्या सारख्या, गेल्या वर्षीच्या ब्लाउजएवढ्याच. "ताई, माप तेच हाय. कापड आटलं न्हाई न् तुमी सुटला न्हाई."  डोकं भणभणत घरी आले. ह्यांनी तोवर कपडे वाळत घालायची दोरी खाली घेतली होती. आता येता-जाता ती गळ्याला अडकणार. मी बोलले, त्यांनी मान डोलवली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहायला हात धजत नाही, पण लिहिणार. जे चांगलं लिहिलं ते माझ्या अक्षरात आहे, मग हेही माझ्याच अक्षरात असू दे.

सकाळी पाळीवर जायला तयार होत होते. ब्लाउज हातात घेतला आणि सवयीने डावी बाही आधी चढवली. शिंप्याचा टेप डोळ्यांसमोर आला. बाह्या सारख्या आहेत. मग मी डावा हात आधी का घालतेय? आणि पाठोपाठ मला माझाच आवाज ऐकू आला, जो दर वर्षी नव्या पोरींच्या डोक्यावर मी आदळते: रुग्णाला कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. म्हणजे माझा खांदा दुखतोय. दुखतोय, आणि मी शिंप्याला दोष देतेय.

हे कळून मी हसणार होते. तेवढ्यात भिमाबाईचा हात दिसला. उजवी बाही आधी. काढताना उजवी शेवटी. दर वेळी.

मी ब्लाउज अर्धा घातलेल्या अवस्थेत पलंगावर बसले. अडकलेला खांदा, चार किलोचं बाळ, डावीकडे घेतलं की कण्हणं, उचललं की कळवळणं. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही सांगता येईल: गळ्याच्या हाडाला मार. आणि मी त्या हाताच्या घड्या घालायला सांगून ठेवलंय.

रत्नाचा मोबाईल लागेना. शिवानीला फोन केला, "गाडी काढ, भोंगवलीला जायचंय." तिने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. कक्षात दुसऱ्या सिस्टरला सांगितलं, डॉ. मितालींना फोनवर दोन वाक्यांत कळवलं आणि निघालो. कापूरहोळ मागे पडलं. मग मीच म्हटलं, "तुला हात कमी हलतोय असं वाटलं होतं, तर काल डॉक्टरांसमोर बोलली का नाहीस?"

स्कूटीच्या आवाजात तिचं उत्तर आधी ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. "मॅडम, तुम्ही खोडलं होतंत ना."

पुढचा सगळा रस्ता मला त्या वाक्याशिवाय काही आठवत नाही.

घरी पोचलो तर मोरीत पाट मांडलेला, शेजारी तेलाची वाटी, घंगाळातून वाफ येतेय. आत रत्ना बाळाला उराशी धरून रडत होती. बाळ दमून हुंदके देत होतं. भिमाबाई पाटाजवळ भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात तेलाने माखलेले, दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवलेले. मला बघून उठली नाही.

"घातली का घडी?" मी विचारलं.

"येकदा घातली." ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "चाळीस वरसं झाली बाई. ह्या हाताखाली असं पोर कधी वरडलं न्हाई. माझं मन घेत न्हवतं. म्या म्हनलं, शिकल्याली बाई हाय, यवढ्या पोरांचं करती, तिला कळत आसंल. तुमी सांगितलं म्हनून घातली."

मला तिथे बसायचं होतं, पण आधी बाळ. हात कोमट पाण्यात बुडवून गरम केले, पुसले. दुपटं पूर्ण सोडलं, सगळं. पहिल्यांदाच मी त्या बाळाला उघड्यावर नीट बघत होते. डावा हात हवेत झाडत होता. उजवा अंगालगत तसाच पडलेला, बोटं तेवढी हलत होती. गळ्याच्या उजव्या हाडावर बोट अलगद ठेवलं, तर हाडाच्या मध्यावर सूज आणि बोटाखाली बारीक करकर. बाळाचा चेहरा आक्रसला.

शिवानीने पिशवीतून कोरा तक्ता काढला होता. कधी घेतला होता कोण जाणे. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. चेहरा एक. रडणं दोन. श्वास एक. हात...

"हात एक," मी म्हटलं. "डावा ताठ करतोय आणि उजवा दुखतो म्हणून हलवत नाही." पाय एक. जाग, बेचैन, एक. सात. माझ्या एकतीस वर्षांतला पहिला सात, आणि त्यातले काही गुण माझ्यामुळे.

हात अंगालगतच ठेवून बाही झबल्याला पिनेने अडकवली, आईच्या दुधाचे थेंब दिले, रत्नाला उजवा हात वरच्या बाजूला येईल असं बाळ धरायला शिकवलं. हळूहळू बाळ निवलं. मग मी भिमाबाईसमोर जमिनीवर बसले.

"आजी, चूक माझी. तुम्ही मला दोनदा सांगितलंत. तुमच्या हाताची काही चूक नाही. मला माफ करा."

तिने पदराला तेल पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. "झबलं घालताना तुम्हाला कळलं होतं ना, कुठला हात दुखतोय?" मी विचारलं.

"म्या कुठं ठरवून घातला? हातच तसा जायाचा. हाताला कळलं, मला न्हाई कळलं." आणि मग म्हणाली, "चला आता, उठा. पोराला दवाखान्यात न्या. माझी माफी कुठं पळून जात न्हाई."

गोरखच्या टेम्पोतून परत आणलं. एक्स-रेमध्ये गळ्याचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसलं. डॉ. मिताली म्हणाल्या, जन्माच्या वेळचं आहे, हाड फार सरकलेलं नाही, नसा शाबूत आहेत, दोनतीन आठवड्यांत आपोआप जुळेल. दुखण्यावर मोजून थेंबाचं औषध दिलं. मग त्यांनी जुना तक्ता उचलला आणि रेघ मारलेल्या चारवर बोट ठेवलं. शिवानी जागच्या जागी आखडली.

"ती रेघ माझी आहे," मी म्हटलं. "शिवानीने बरोबर लिहिलं होतं. मी बाळ गुंडाळून पुन्हा मोजायला लावलं आणि खोडलं. आणि घड्या घालायलाही मीच सांगितलं."

डॉ. मितालींनी तक्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीही झबलं काढून बघितलं नाही, सिस्टर. मुकाट्याने शून्य वाचलं." त्या भल्या आहेत. पण त्यांच्या भलेपणामागे मी लपणार नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज तिन्ही पाळ्यांच्या पोरींना एकत्र बोलावलं आणि झालेलं सगळं सांगितलं. नाव माझं घेऊन. कुणाचा चेहरा पडला, कुणी खाली बघितलं. एकीने हळूच विचारलं, "मग मॅडम, विडा बंद करायचा?"

"बंद? मुळीच नाही!" मी म्हटलं. सुई लावताना विडा बरोबरच आहे, त्याने टाचेचं दुखणं खरंच कमी होतं. तिथे मी चुकले नव्हते. पण विडा हे औषध आहे, आणि औषध देऊन झाल्यावर दुखणं मोजायचं नसतं. शिवाय मोडलेल्या हाडालाही त्या विड्यात आराम पडत होता. मी बाळाला बरं वाटायला लावत होते आणि म्हणत होते, बघा, ह्याला काही झालंच नाही. आता पाळीत एकदा तरी पूर्ण सोडून, उचलून, दोन्ही कुशींवर घेऊन बघायचं आणि मगच आकडा लिहायचा. दुसऱ्याचा आकडा कुणी खोडायचा नाही. पटला नाही तर खाली आपला लिहायचा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवायचे. तक्त्याच्या तळाशी मी एक ओळ हाताने वाढवली आहे: आई-आजी काय म्हणते? डॉ. मितालींनी ती छापून घ्यायला सांगितली.

हे शिकवायचं काम मी शिवानीला दिलंय. तिचे हात गार असतात, ते तेवढे गरम करून घे म्हटलं. ती म्हणाली, "व्हय मॅडम," आणि जीभ चावली. वॉर्डात ती कधी व्हय म्हणत नाही.

शनिवार, १ मार्च

मधल्या दिवसांत विशेष काही नाही. सहा पाळणे, सहा तक्ते. आकडे आता दोन, तीन, एक, असे खरे दिसतात. परवा एका बाळाला शिवानीने दोन दिले, मी खाली तीन लिहिले. बरोबर मी निघाले! हे लिहायला हवंच होतं.

आज रत्ना बाळाला तपासायला घेऊन आली, बरोबर भिमाबाई. हाडावर सुपारीएवढी गाठ आली आहे, म्हणजे जुळलं. डॉ. मितालींनी टाळी वाजवली, तसे बाळाने दचकून दोन्ही हात एकदम वर फेकले. दोन्ही! मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. घड्या अजून महिनाभर नकोत असं डॉक्टर सांगत होत्या, तर भिमाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या बाईनं इचारल्याबिगर म्या आता काय करायची न्हाई." सगळे हसले. मीही हसले.

तपासून झाल्यावर तिने बाळाला झबलं घालायला घेतलं. मी तक्ता हातात घेऊन बघत उभी राहिले. तिने डावा हात आधी घातला. मग उजवा, सटकन, बोलता बोलता, रत्नाला पिशवी आवरायला सांगत. मला आणखी एक्स-रे नको होता. तक्त्यावर शून्य लिहिलं आणि सही केली.

निघताना तिने मला बाजूला घेतलं. "बाई, तुमचा डावा खांदा कवापासनं धरलाय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? पोर उचलताना तुमी खालनं हात घालता. दाखवा कुनाला तरी."

दुपारी घरी आले. हे अंगणात खाली घेतलेल्या दोरीवरून कपडे काढत होते. मी स्वयंपाकघरात गेले. डाळींचे डबे खालच्या फळीवर, चहा-साखर हाताशी, हळद उजवीकडे. वरच्या फळीवर फक्त पाहुण्यांचे पेले, जे वर्षातून दोनदा लागतात. मी उजवा हात वर नेला आणि फळी धरून जोराने हलवून बघितली. भिंतीत रुतून बसल्यासारखी पक्की.

ते कपड्यांचा ढीग घेऊन दारात आले.

"फळी हलत नाहीये," मी म्हटलं.

"माहितीय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. वरून अनारशांचा डबा काढताना तू ओठ चावला होतास." त्यांनी कपडे खुर्चीवर ठेवले. "विचारलं असतं तर शिंप्याला शिव्या दिल्या असत्यास."

खरं होतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "दुखतो हो खांदा. खूप दुखतो." एवढं वाक्य बोलायला मला चार महिने लागले. त्यांनी मान डोलवली नाही. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे, नंबर त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच घेऊन ठेवला होता. डबे खालीच राहू देत.